टॉवेलखाली घेतलेली होडी

उजव्या हाताचं मधलं बोट मला दुमडता येत नाही. मूठ वळली की ते एकटंच ताठ राहतं. भांडणात त्याची अडचण होते, आणि मी भांडतो पुष्कळ.

ते मोडलं नव्वदच्या दशकात, बैलबाजारात. पंचवटीच्या भाजीबाजारात पोती वाहून चार पैसे गाठीला बांधले आणि मी दलालीत शिरलो होतो. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडाने करत नसत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, खाली एकमेकांचा पंजा धरायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडाने पावसापाण्याचं, शिंगांचं, वशिंडाचं बोलत राहायचं. सौदा पटला की टॉवेलखाली जे काही झालं ते मिटलं. न पटता हात सुटले, तर मात्र ज्याला बोंबलायचं त्याने बोंबलावं.

त्या बाजारात एक जुना दलाल होता. तो पाडेल तो भाव. एका शेतकऱ्याची खिलारी जोडी त्याला स्वस्तात हवी होती आणि मी मध्ये पडून ती घेऊन ठेवली होती. तो हसत आला, खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि माझं मधलं बोट धरून मागे वाकवू लागला.

"खांदे लय भारी हायेत जोडीचे," तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला.

हात ओढून घेता आला असता. पण भोवती सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघत होता. टॉवेलखाली ओरडणाऱ्या दलालाला दुसऱ्या दिवशी कुणी उभं करत नाही. मी दात आवळले. हाड मोडल्याचं मला कळलं, शेजारच्याला नाही. मग त्याने उरलेल्या बोटांवर त्याचा भाव दाबला आणि मी मान हलवली. सौदा पटला होता. आता तक्रार कोणाकडे करणार?

बायकोने कामट्या बांधल्या, हळद-चुना लावला. हाड सांधलं, पण वाकडं.

पुढे बैल कमी झाले. मी जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात पडलो आणि कुणाच्याही मेहेरबानीशिवाय वर आलो. रविवारी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसायचो. मासा काठावर आला की डोक्यात ट्रॅक्टरची टॉमी, लोखंडी दांडा, घालायचो. एका फटक्यात शांत झाला नाही तर मला राग यायचा आणि मग माशाचं डोकं उरत नसे. पण मोठे कटले काठाला येत नाहीत. ते बुडालेल्या बाभळींच्या खोडांत बसतात आणि काठावरून टाकलेला गळ तिथवर पोचत नाही. एक तर हातभर दोरी ओढून, मला तोंड दाखवून, तोडून गेला. त्या दिवशी मी नवी काठी दगडावर आपटून मोडली आणि ठरवलं, होडी घ्यायची.

तेवढ्यात कळलं की फुगवट्याच्या पलीकडच्या काठावरचं हॉटेल जुनं सामान काढतंय. त्यात एकट्याने वल्हवायची प्लॅस्टिकची कयाक आहे, गळ ठेवायला मागे खोबणीसुद्धा. हॉटेलचा मालक तोच जुना दलाल.

"मुंबईहून नवी मागवा," बायको म्हणाली.

"नवी दुप्पट पडते."

"तुम्हाला होडी नकोय. तुम्हाला तो पायजेल."

"दोन्ही मिळाले तर बिघडलं कुठं?"

"मग मी कामट्या काढून ठेवते. कुणाला लागतील ते बघू."

मी गेलो. तो म्हातारा झाला होता, मनगटं बारीक पडली होती, पण खांद्यावर टॉवेल होताच. त्याने मला ओळखलं नाही. होडी पिवळी, तळाला दोन चरे, बाकी धड. पाण्यात घालून बघितली. उजव्या हातात वल्हं नीट बसेना, दर चार हातांमागे सटकायचं. होडी सरळ जायची सोडून उजवीकडे वळायची. खरं तर तिथेच नको म्हणायला हवं होतं. जुना ट्रॅक्टर असा एका अंगाला ओढत असता तर मी हातही लावला नसता.

काठावर आलो तेव्हा तो म्हणाला, "बोटाला काय झालं, शेठ?"

"बाजारात मोडलं."

"बैलानं?"

"दलालानं."

"दलाल लय हरामी जात," असं म्हणून तो खळखळून हसला. त्याचे दोन गडीही हसले. "मी बी तोच होतो. या, जुन्या पद्धतीनं करू." आणि त्याने टॉवेल टाकला.

त्याने माझी चारही बोटं दाबली. भाव जास्त होता. मी त्याचं मधलं बोट धरलं आणि मागे नेलं.

"रंग टिकंल ना हिचा?" मी विचारलं.

"उन्हात ठेवू नका म्हंजे झालं," तो म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला आठवलं. कपाळावर घाम आला, पण हसू तसंच. मी थांबलो नाही. वाळकी काटकी मोडावी तसं ते बोट गेलं. इतकी वर्षं मी ज्यासाठी थांबलो होतो ते झालं, आणि मला बरं वाटलं.

मग त्याने त्याच पंजाने, मोडक्या बोटासकट, माझी चारही बोटं पुन्हा दाबली. एकही कमी नाही.

मला तेव्हा कळलं. सौदा न करता मी हात सोडला तर तो बोंबलणार, गडी साक्षीला होते, त्याच्याच दारात मी हॉटेलमालकाला मारलं असं होणार. सौदा पटला तरच हे मिटणार होतं. म्हातारा वाट बघत होता.

"पटलं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरचा मागेल तो भाव दिला.

"हिला ठेवणार कुठं?" होडी बघून बायकोने विचारलं. बाकी काही विचारलं नाही. कामट्या पुन्हा माळ्यावर टाकल्या.

पुढच्या रविवारी खोडांपर्यंत गेलो. कटला लागला. टॉमीने मारताना होडी अशी हलली की रक्त माझ्या तोंडावर उडालं. परतताना उजवा हात दमला आणि होडी वळत वळत पलीकडच्या काठाकडे जाऊ लागली. तो तिथे खुर्ची टाकून बसला होता, पंजाला प्लॅस्टर.

"शेठ," तो ओरडला, "मासा काय भाव?" आणि डाव्या हाताने खांद्यावरचा टॉवेल काढला.

मी टॉमी पायाशी ओढून घेतली आणि होडी जात होती तिकडे जाऊ दिली.