पुणे ते दिब्रुगड, भाऊबिजेला

पुण्याच्या विमानतळावर पहिलं विघ्न आलं ते खोबऱ्याचं. ओवाळणीच्या ताटासाठी आमच्या विट्याहून जपून आणलेल्या वाट्या तपासणीच्या मुलीनं बाजूला काढल्या. "मावशी, सुकं खोबरं विमानात चालत नाही. पेट घेतं." साठी उलटेपर्यंत खोबरं किसत आले, पण ते इतकं तापट असेल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम) देशभर पांगली आहेत. माझा थोरला भाऊ आण्णा तर थेट आसामच्या टोकाला, दिब्रुगडला. आगगाडीनं चार दिवस लागायचे, त्यामुळं भाऊबीज कायम फोनवरच व्हायची. यंदा मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "तुज्या हातनं ओवाळून घेतल्याबिगर मी न्हाई त्या टेबलावर झोपायचा," म्हणाला. मग निघावंच लागलं.

सरळ रेषेत सुमारे चोवीसशे किलोमीटर, असं सुनेनं मोबाइलवर बघून सांगितलं होतं. कोलकात्याला विमान बदललं. डावीकडच्या खिडकीतून पांढरे ढग दिसायला लागले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "वो बादल नहीं, बर्फ़ है." माझे हात आपसूक जोडले गेले. पुढं ब्रह्मपुत्रा आली आणि संपेचना. आमच्या येरळेला पाणी आलं की आम्ही पुलावर बघायला जातो, त्या माझ्यासारखीनं बोलायचं काय?

उतरले तेव्हा घड्याळात साडेचारच वाजले होते, पण सूर्य बुडत होता. आमच्यात आधी बिजेच्या चंद्राला ओवाळतात, मग भावाला, आणि ती कोर सूर्यामागोमाग मावळते. मी विट्याच्या हिशेबानं ती सातला मावळेल असं धरून निघाले होते. सामान मिळून घरी पोचेपर्यंत आभाळ काळंभोर झालं होतं.

"बाइदेउ (ताई)" म्हणत शेजारणीनं माझी पिशवी घेतली, हातावर पिठा (तांदळाची तीळगूळ भरलेली सुरळी) ठेवला. आण्णा टोपी घालून पाटावर बसला होता.

"आलीस व्हय? चंद्र गेला की गं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच हे व्हावं, याची मला फार भीती वाटली. सुखरूप पोचल्याचं कळवायला सुनेला व्हिडिओ कॉल लावला, तर ती विट्याच्या घरी गच्चीवर ताट घेऊन उभी.

"तिथं चंद्र हाय अजून?" मी विचारलं.

"हाय की, आई. लय सुरेख दिसतोय." तिनं फोन वर धरला.

एवढीशी कोर, जरा हलणारी. मी मोबाइलला ओवाळलं, मग आण्णाला.

ऑपरेशन नीट झालं. तो चार पावलं चालायला लागल्यावर मी परतीचं विमान धरलं. आता विमान सूर्यामागं चाललं होतं आणि संध्याकाळ काही केल्या होत नव्हती. देशाला घड्याळ एक, पण दिवस किती निरनिराळे, हे मला या वयात कळलं. पुण्यात उतरल्या उतरल्या आण्णाला फोन केला.

"हितं अजून ऊन हाय, आण्णा."

"हितं कवाच दिवं लागलं," तो म्हणाला. "थोडं ऊन राखून ठेव. म्होरल्या दिवाळीला मी येतो."