मंडईतला चहा

दिवाळी झाली की गोंदियाकडच्या आमच्या गावांत मंडई भरायला लागते. मंडई म्हणजे गावाची जत्रा. घरोघरी पाहुणे, अंगणात खाटा, रात्री नाटक. सोयरिकीही इथेच जुळतात. इतरांना सणाची हौस, मला एका प्रश्नाची धास्ती: "मंग, सध्या काय करून राहिला?"

मी डी.एड. झालो, पुढची परीक्षाही पास झालो, आणि तेव्हापासून भरती नाही. सोबतच्यांची पोरं आता शाळेत जातात. गाव मला मास्तर म्हणतं. बिनशाळेचा मास्तर! बाबा तर माझ्या वतीनं परस्पर उत्तर देऊन मोकळे होतात, "मास्तर आहे जी. ऑर्डर येऊन राहिली." ते ऐकलं की माझं डोकं सणकतं.

त्यावर मी एक तोड काढली. चहाचा ट्रे हातात असलेल्या माणसाला कोणी थांबवून विचारत नाही. म्हणून मंडईच्या दिवशी मी बसतच नाही. चहा, पाणी, चिवडा, पुन्हा चहा. ज्याचा कप अजून अर्धा आहे त्याच्याही पुढ्यात दुसरा. आई कौतुकानं सांगते, "हा पोरगा एक घडी बसत नाही." वहिनी खवचट. ती म्हणते, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." दोघींचंही खरं आहे.

यंदा ताई तिच्या सासरच्या गावचे एक पाहुणे घेऊन आली. त्यांची मुलगी लग्नाची होती, म्हणजे ते मलाच पाहायला आले होते. बाबांनी खाटेवर नवी चादर घातली आणि सुरू केलं, "मास्तर आहे जी..."

पाहुण्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून खाली ठेवला. "बस ना बाबू. तू काऊन उभा आहेस?"

मी बसलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना, पाय आपोआप हलत होता.

"शाळा कोणती तुही?"

"शाळा नाही जी," माझ्या तोंडून निघून गेलं. "ऑर्डरही नाही. मी काहीच नाही करत."

बाबा चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"माहा पोरगाही डी.एड. आहे," पाहुणे म्हणाले. "कोणी आलं का वावरात पळते, दिवे लागल्यावर येते. तू घरी तरी थांबतोस." चहा संपवून त्यांनी सरळ सांगितलं, "पोरगी नाही देऊ शकत मी. राग नको मानू."

राग आला नाही. उलट हलकं वाटलं. स्थळ गेलं, पण तो प्रश्न एकदाचा विचारून झाला होता.

संध्याकाळी मामा आले. फाटकातूनच त्यांनी बाबांना हाक दिली, "काय भाऊजी, आली का मास्तरची ऑर्डर?"

मी ट्रे घेऊन दारातच थबकलो. बाबा म्हणाले, "नाही. काही नाही करत तो. घरीच आहे."

हेच तर मला हवं होतं. त्या खोट्यावर मी किती वर्षं चिडत आलो! आणि आता गलबलून आलं. मी आशा केव्हाच सोडली होती. ऑर्डरची वाट घरात एकटे बाबाच पाहत होते.

मामांना चहा दिला, बाबांना दिला. बाबांनी कप घेतला आणि माझ्यासाठी खाटेवर सरकून जागा केली. मला बसवेना. मी पुन्हा चहा ठेवायला आत गेलो.