गप्प बसलेली आई

माझ्या दादाला सगळे 'आठओळे' म्हणायचे. आमचं आडनाव नव्हे ते. कुणी गेलं की पेपरात त्या माणसावर आठ ओळी लिहायच्या, हे त्याचं काम. घरी जायचा, मुकाट ऐकायचा आणि गेलेला माणूस बोलायचा कसा ते नेमकं उचलायचा. एका मास्तरांवर त्याने लिहिलं, 'पेला फुटला की कुणी विचारायच्या आत "मी नाही!" म्हणणारे.' त्यांची बायको रडता रडता हसली म्हणे.

आईने तर कधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्यावर तूच लिही रे. उगाच देवमाणूस करू नकोस. भांडखोर होते, तसंच लिही." दादाने कबूल केलं होतं.

मग संपादकांना अक्कल सुचली. आठ ओळी वाचतो कोण? फोटो टाका, खाली नाव. आणि घरच्यांकडे मेला धड फोटो नसतो, तेव्हा म्हातारी माणसं आहेत तोवर काढून ठेवा!

कॅमेरा घ्यायला दादाने मला सोबत नेलं. दुकानदार आकडे सांगतोय आणि आमचे येडे विचारतात, "यात माणूस बोलताना येतो का?"

"हलला की पुसट येणार, साहेब. गप्प बसवायचं."

"लहानसा घे, लोक बुजणार नाहीत," मी म्हटलं. पण दादाने धोंड्याएवढा उचलला. म्हणे, मोठा बघितला की लोक नीट बसतात.

बसायचेच. ताठ, तोंड मिटून. पाच मिनिटांत काम फत्ते. "लिहायचं तर तासभर ऐकावं लागायचं गं," दादा खुशीत सांगायचा. "शिवाय लिहिण्यात थापा मारता येतात. फोटो खोटं बोलत नाही."

"हो ना, बोलतच नाही मुळी!" मी म्हणायचे. पण ऐकतो कोण?

आईला त्याने खिडकीपाशी बसवलं. तिची टकळी चालूच. "आई, हलू नकोस. तोंड मीट."

"तोंड मिटलं की मी मी कुठली राहते रे!"

वाईट वाक्य खोडायची सवय हाताला होतीच. त्याच हाताने त्याने ती बोलतानाचे सगळे फोटो पुसून टाकले. ठेवला एकच, स्वच्छ.

आई गेली. पेपरात तोच आला, खाली नाव. शेजारीण म्हणाली, "फोटो काय सुरेख आलाय!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती गरीब गाय कोण होती, देव जाणे. माझी आई नव्हती.

मी दादापुढे कागद ठेवला. "छापू नकोस. पण लिही. शब्द दिला होतास तिला."

दादा बसला. 'आई' एवढं लिहिलं. पेन तसंच धरून राहिला. मग मान वर केली.

"अगं, चिडली की काय म्हणायची गं ती? आठवतच नाही."

मला तोंडपाठ होतं. "विचार तुझ्या कॅमेऱ्याला," म्हटलं आणि उठले.