रेंज आणणारी मावशी

अर्धी वाट सरली तरी मावशीनं तोंड उघडलं नव्हतं. एरवी तिच्या जिभेला विसावा मिळायचा तो फक्त झोपेत. शाळेच्या बाईंनी एकदोनदा मागे वळून पाहिलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रातले गोटे तुडवत मावशी खालमानेनं भराभर येत होती.

“किती वाजले?”

“सव्वातीन.”

“मग असं नव्या नवरीसारखं काय चालताय, बाई? पाय उचला.”

बाईंनी पाय उचलले. गाडी आज आलीच नव्हती आणि पाचच्या आत कार्यालय गाठायचं होतं. दुर्गम वस्त्यांत मोबाइलचे टॉवर उभारायला सरकारनं निधी मंजूर केला होता. जिथे रेंज नाही, त्या वस्तीचं नाव यादीत. आजूबाजूच्या सहा वस्त्या यादीत आल्या, यांची तेवढी गळली. यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘रेंज उपलब्ध’. हरकत घ्यायची मुदत आज पाचला संपत होती. मग यादी वर जाणार, आणि पुन्हा निधी कधी येईल ते देवच जाणे.

हे कळवणारा निरोपसुद्धा मोबाइलवरच आला होता! आठवडाभर लांबचा टॉवर बंद होता, डोंगरावर जाऊनही काही हाती लागलं नाही. काल मावशी तो निरोप घेऊन उतरली, तेव्हा त्याला सहा दिवस झाले होते.

मावशीचं कामच ते. वस्तीत रेंजचा पत्ता नाही. पाऊण तास चढून गेलं की एक सपाट खडक, तिथे फोनवर दोन काड्या दिसायच्या. मावशी एक दिवसाआड सगळ्यांचे फोन गोळा करून वर न्यायची, निरोप पडेपर्यंत बसून राहायची, ज्याचं जे काम असेल त्यासाठी फोन करायची आणि संध्याकाळी दारोदार वाटत यायची. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिला कुणी ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नव्हतं. आता लेकरं लांबूनच ओरडायची, “मावशी, रेंज आणली का?” प्रत्येक घरी तिच्यासाठी पाट मांडलेला असायचा. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाच्या लेकीला दिवस गेले, हे आईबापाआधी मावशीला कळायचं. “रेंज आज चांगली आली,” असं वस्तीत म्हणत, म्हणजे आज मावशीनं भरपूर निरोप आणले.

आणि घोळ झाला तो इथेच, अशी बाईंची खात्री होती. उन्हाळ्यात सर्वेक्षण करणारी मुलगी आली, वाटेत तिला भेटली मावशी. मुलीनं विचारलं, रेंज येते का? मावशी म्हणाली, “येते की, चांगली येते.” झालं! मुलीनं खूण केली आणि वस्ती गळली. काल रात्री बाईंनी निरोप वाचून दाखवल्यावर मावशीनं हे त्यांना एकट्यांनाच सांगितलं. बाकी वस्ती अजून कार्यालयाच्या नावानं बोटं मोडत होती.

“मावशी, कसला विचार करताय?”

“सुताराचा.”

सर्वेक्षण झाल्यावर महिन्याभरातच सुतारकाका छपरावरून पडले होते. मावशी फोन घेऊन खडकाकडे धावली, पण त्या दिवशी खडकावरही काडी दिसेना. दोन डोंगर पलीकडे जाऊन फोन लागला, गाडी यायला दिवस मावळला. काकांचा जीव वाचला, पाय मात्र कायमचा वाकडा झाला.

“काल त्याच्याकडे फोन द्यायला गेले,” मावशी म्हणाली. “कुबडी सरकवून मला जागा केली. म्हणतो कसा, ‘कार्यालयातल्या त्या आंधळ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, रंधा मारून सपाट करतो.’ सगळे हसले.”

“तुम्ही?”

“मीपण हसले.”

पुढे चढ लागला आणि बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. मावशीनं पिशवीचा बंद ओढून काढला, चप्पल पायालाच करकचून बांधली. “लागतंय का? लागू दे. चला.” बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि चढ चढायला लागल्या. माथ्यावर पोहोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. खाली कार्यालयाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं.

पोहोचल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. टेबलामागचा कारकून गठ्ठ्यांना दोरी बांधत होता. बाईंनी धापा टाकत अर्ज पुढे केला.

“आज आठवण झाली होय?” तो म्हणाला.

“निरोप काल मिळाला. रेंज नाही ना.”

“इथे तर ‘उपलब्ध’ लिहिलंय.”

“तेच तर चुकलंय, साहेब!”

त्यानं एक गठ्ठा सोडला, मग दुसरा. पानं उलटता उलटता घड्याळाकडे बघत होता. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. “नाव चढवता येईल. पण ज्यानं माहिती दिली त्यानंच ती मागे घ्यायला हवी. त्याची सही लागेल. एक प्रत इथे, एक तुमच्या वस्तीत फळ्यावर लावायची, सात दिवस.”

“मीच दिली होती,” मावशी म्हणाली.

“मग करा सही. पाचला दहा कमी आहेत.”

मावशीनं पेन घेतलं. नाव लिहिण्यापुरती अक्षरं तिला बाईंनीच शिकवली होती. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

“बाई, काय लिहिलंय ते वाचा एकदा.”

“मावशी, वेळ नाही हो.”

“वाचा.”

बाईंनी भराभर वाचलं. “सर्वेक्षणाच्या वेळी सदर माहिती गैरसमजुतीने दिली गेली. वस्तीत ‘रेंज येते’ याचा अर्थ...”

“गैरसमज कुणाचा?”

“तुमचा. म्हणजे, आपल्याकडे तसंच बोलतात ना. तुम्हाला वाटलं, ती तुमच्या रेंजबद्दल विचारतेय.”

“तसं नव्हतं,” मावशी म्हणाली. “त्या पोरीनं दोनदा विचारलं. घरात बसून फोन लागतो का, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, लागतो.”

दोरी बांधता बांधता कारकुनाचे हात थांबले.

“का हो, मावशी?” बाईंनी विचारलं.

“टॉवर आला की मला दारात कोण उभं करणार? तेवढं एकच आलं मनात. शब्द बाहेर पडला, मग गिळता येईना.”

“अहो, करा सही!” कारकून कावला. “शब्दाला कोण बघतंय? नाव चढल्याशी मतलब. आठ मिनिटं राहिली.”

बाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, “मावशी, याच कागदावर सही करा. बाकीचं घरी जाऊन तोंडानं सांगा. वस्ती काय म्हणेल, याचा विचार केलात का?”

“रात्रभर केला. आणि तोंडानं मी सांगणार नाही, बाई. मी मला ओळखते. सुतार जागा करील, मी बसेन, पुन्हा हसेन.”

तिनं तो अर्ज बाईंकडे परत सरकवला. पेन त्यांच्या हातात दिलं.

“दुसरा कागद घ्या. आठ मिनिटांत तुमचं लिहून होईल. प्रश्न मला कळला होता आणि मी खोटं बोलले, असं लिहा, माझ्या नावानं. आणि अक्षर मोठं काढा, बाई. सुताराला बारीक वाचता येत नाही.”