हिराताई आणि जोखमीचा रकाना

कुणाच्याही घरी माहिती विचारायला गेल्या की हिराताई आधी स्वतःची माहिती सांगायच्या. उंबऱ्याशी बसायच्या, पाणी प्यायच्या आणि सुरू व्हायच्या, "माझं नाव हिरा. शाळा चौथी. लेकरं चार झाली, दोन राहिली. रगत कमी हाय, गोळ्या खाते, कधी इसरते. आता तू सांग."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चिडले होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी नाशिकच्या एका संस्थेत लागले होते. सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या बायकांच्या आरोग्याची माहिती टॅबवर गोळा करायची, असं काम होतं. फॉर्म मी बनवला होता, आणि तो कसा भरायचा हे शिकवायला संस्थेनं पाड्यांवरच्या कामाला घेतलेल्या हिराताईंबरोबर मी हिंडत होते. एका घराला वीस मिनिटं ठरलेली. त्यातली निम्मी ताईंच्याच गोष्टीत जायची.

"ताई, तुमची माहिती तिला कशाला?" मी बाहेर आल्यावर म्हणाले.

"तिनं समदं सांगायचं नि आपण गप बसून लिहायचं? ही तर पाळत झाली गं गौरी." त्या चालता चालता म्हणाल्या, आणि पुढच्या घराला वळल्या.

हिराताई भोये तेव्हा पन्नाशीच्या असतील. बुटक्या, काटक, पायात पुरुषी चपला. दहा-बारा पाड्यांवर त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. नवऱ्याला न सांगितलेलं, सासूपासून लपवलेलं, आईलासुद्धा न बोललेलं बायका त्यांच्याजवळ बोलत. कुणाची पाळी चुकलीय, कुणाचं पोट दोनदा रिकामं झालंय, कुणाला अंगावरून जातंय, हे सगळं हिराताईंच्या कानात आणि तिथून माझ्या टॅबमध्ये येई. टॅबवर त्यांचा हात हळूहळू बसला. बटण दाबण्याआधी मात्र त्या दर वेळी समोरच्या बाईकडे बघायच्या. "लिहू ना?" ती मान हलवेपर्यंत बोट वरच थांबलेलं असायचं.

या माहितीचं काय होऊ शकतं, हे आम्ही भेंडीपाड्याला पाहिलं. हा पाडा नदीच्या पलीकडे, पण कागदोपत्री अलीकडच्या गावात धरलेला. लसीकरणाची गाडी अलीकडेच थांबायची आणि 'गाव पूर्ण' असं लिहून परत जायची. हिराताईंनी पलीकडची घरं एकेक करून नोंदवली. त्यांची मुलं, त्यांची वजनं, बाळंतपणाला नदी ओलांडताना काय काय झालं ते सगळं. मी त्याचा नकाशा केला. अलीकडे हिरवे ठिपके, पलीकडे सगळे लाल. तो नकाशा जिल्ह्याच्या कार्यालयात एका मोठ्या टेबलावर पसरला, तेव्हा समोरच्या साहेबांनी पलीकडच्या घरांची यादी मागून घेतली. पावसाळा संपता संपता पलीकडे अंगणवाडी सुरू झाली आणि गाडी नदीच्या वरच्या पुलावरून वळसा घालून यायला लागली.

हिराताईंनी तो नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला होता. "एवढासाच ठिपका? ऱ्हाऊ दे. दिसला तर खरा."

त्या दिवसांत मी फार खूश असायचे. आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्यांनी नाशिकच्या एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला होता. त्यात मी बोलले. बिग डेटा गरिबाच्या बाजूनं उभा राहू शकतो, जो कुठल्या यादीत नाही त्याला यादीत आणणं हीच समानतेची पहिली पायरी आहे, असं मी अगदी मनापासून सांगितलं. टाळ्या पडल्या. हिराताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. परतताना म्हणाल्या, "बोललीस झ्याक. पन तुझ्या त्या मशीनमधलं अजून कोन कोन वाचतं?"

"कुणी नाही ताई. संशोधनासाठी देतो कधी कधी. पण त्यात नावं नसतात."

माझ्या सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्याच वर्षी मी तक्त्यात एक नवा रकाना केला. 'जोखीम.' शून्य ते दहा. गरोदर असेल, रक्त कमी असेल, आधी गर्भपात झाला असेल तर आकडा वाढायचा. हेतू सरळ होता. दिवाळीनंतर इथली माणसं मजुरीवर जगायला बाहेर पडतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर, नाशिकला बांधकामावर. ज्या बाईच्या पुढे आठ, नऊ असा आकडा दिसेल तिच्याकडे नर्सनं आधी जावं, गोळ्या द्याव्यात, तिला हलकं काम मिळेल असं बघावं. तो रकाना मला स्वतःला फार आवडला होता.

दिवाळी होऊन दोन महिने झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला हिराताई अचानक ऑफिसात आल्या. पहिल्या एस.टी.नं निघाल्या असणार. चप्पल बाहेर काढली आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. पाणीही घेतलं नाही.

"गौरी, सखूच्या पोटातलं मशीनला कसं कळलं?"

मला काही उमगेना. सखू म्हणजे भेंडीपाड्याची सखू गावित, विशी-बाविशीची मुलगी. त्या वर्षी ती आणि पाड्यावरच्या आणखी काही जणी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला जाणार होत्या. बसून करायचं काम, छोट्या वस्तू खोक्यात भरायच्या. मजूर पुरवणाऱ्या एका कंपनीचं अ‍ॅप होतं. गेटवर मोबाइल नंबर सांगायचा, पडद्यावर हिरवं आलं तर आत, लाल आलं तर परत. सखूला लाल आलं. आणखी तिघींना आलं. गेटवरचा माणूस म्हणाला, तुमचं नाव सिस्टिममध्ये बसत नाही.

"योगायोग असेल ताई," मी म्हणाले.

हिराताईंनी पिशवीतून वहीचं एक पान काढलं. एका बाजूला लाल आलेल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला हिरवं आलेल्यांची. "लालवाल्या चौघी. एकीला दोन महिने, एकीला तीन. एकीचं मागल्या साली पडलं. सखूनं तर सासूलापन सांगितलं नव्हतं. ह्या चौघींचं हे समदं कुनाला ठाव हाय? मला. नि मी लिहिलं म्हणून तुला. तिसरं कुनी हाय का?"

मी ते पान दोनदा वाचलं. तरी मी म्हणाले की असं होऊच शकत नाही.

दुपारी आम्ही दोघी अंबडला त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. बायका कामाला येतात त्या पाड्यांवर आम्ही काम करतो असं सांगितलं, ते खोटंही नव्हतं. समोरचा तरुण अदबशीर होता. चहा मागवला आणि हौसेनं स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"बघा मॅडम, महिलांच्या सेफ्टीसाठी आम्ही हे खास घेतलंय. ज्यांना त्रास होऊ शकतो, मध्येच काम सोडून जाऊ शकतात, त्यांना आम्ही आधीच बाजूला काढतो. कारखान्यालाही बरं आणि त्यांनाही बरं."

मोबाइल नंबर. त्यापुढे गाव. त्यापुढे 'जोखीम'. आठ. नऊ. आठ.

मी गावाच्या रकान्याकडे पाहिलं. तिथं 'भेडीपाडा' लिहिलेलं होतं, अनुस्वाराशिवाय. घाईत टाइप करताना ती चूक माझ्याच हातून झाली होती आणि कधीच दुरुस्त करायची राहिली होती. जगात दुसऱ्या कुणीही त्या पाड्याचं नाव तसं लिहिलेलं नव्हतं.

हिराताईंना स्क्रीनवरचं वाचता येत होतं, पण त्या स्क्रीनकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

ऑफिसात परतून जुने करार आणि मेल काढले, संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. संशोधनासाठी म्हणून पैसे देणाऱ्यांनी महिन्याभरापूर्वी फाइल मागितली होती. मी नावं काढून पाठवली. मोबाइल नंबर ठेवले, कारण एकच बाई दोनदा मोजली जाऊ नये. तिथून ती एका मोठ्या डेटा कंपनीकडे गेली आणि तिथून या अ‍ॅपकडे. करारात कुठंतरी तशी मुभा होती. त्यावर आमच्या संचालकांची सही होती, आणि फाइल पाठवल्याच्या पोचपावतीवर माझी.

"त्यात नावं नव्हती, हिराताई," संचालक म्हणाले. "तांत्रिकदृष्ट्या आपण काहीच चुकीचं केलेलं नाही."

"नाव नव्हतं, नंबर व्हता. फोन लावला का सखूच उचलती ना?"

"हे बघा, आपण याचा गाजावाजा केला तर प्रकल्प बंद पडेल. नर्स जाईल, गोळ्या थांबतील. नुकसान कुणाचं? तुमच्याच बायकांचं. मी आतल्या आत मिटवतो. तुम्ही पाड्यावर काही बोलू नका."

त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, आणि हिराताईंनाही ते कळत होतं. भेंडीपाड्याला गाडी कशामुळे येऊ लागली ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी वहीचं पान पिशवीत ठेवलं. मग उठल्या. "मी त्येंच्या तोंडाकडं बघून लिहिलं हाय साहेब. मला त्येंच्याच तोंडाला सांगावं लागंल."

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर सुरगाण्याला गेले. पहिल्यांदा सखूच्या घरी. ती घरात नव्हती. सासू म्हणाली, दवाखान्यातून कालच आणलीय, शेजारी बहिणीकडे आहे. आम्ही तिकडे गेलो.

अंबडहून परत पाठवल्यावर सखू थांबली नव्हती. थांबून चालणार नव्हतं. जीपमध्ये बसून ती एका द्राक्षबागेवर गेली होती. तिथं भरलेली क्रेट उचलून टेम्पोत चढवायचं काम मिळालं. चौथ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं तोवर मूल गेलं होतं.

बसून करायचं हलकं काम तिला मिळावं म्हणून मी तो आकडा बनवला होता. त्याच आकड्यानं तिला त्या कामावरून उठवून क्रेटखाली नेलं होतं. मी अंगणात खाली बसले. 

हिराताई मात्र आत गेल्या. मी दारातून ऐकत होते. "सखू, तू मला जे सांगितलं ते माझ्या हातून भायेर गेलं. म्हणून तुला गेटवरून काढलं. मी मुद्दाम नाय केलं, पन माझ्याच हातानं झालं." खूप वेळानं हिराताई बाहेर आल्या आणि दुसऱ्या घराकडे निघाल्या.

त्या एकेका घरी गेल्या. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका घरानं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं, त्याच घरात त्यांनी दोन बाळंतपणं केली होती. मग त्याच बायकांपैकी कित्येक जणींना घेऊन त्या नाशिकला कामगारांच्या सरकारी कार्यालयात आल्या. अर्ज मी लिहिला. संचालकांनी मला बोलावून घेतलं, मी राजीनामा खिशातच नेला होता. चौकशी झाली. अ‍ॅपवरून तो रकाना गेला. म्हणजे पडद्यावरून गेला. आत कुठं आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला सांगू शकेल असं कुणी भेटलेलंही नाही. प्रकल्प बंद पडला. नर्स गेली. संचालक म्हणाले होते तसंच झालं.

राजीनाम्यानंतरही माहितीचा ताबा कुणी माझ्याकडून घेतला नव्हता; ऑफिस आवरण्याआधी हिराताईंचा फोन आला. "मशीन घेऊन ये. ज्येचं त्येला वाचून दाखव. मग जी म्हनंल पूस, तिचं पूस."

भेंडीपाड्याच्या अंगणवाडीच्या मागच्या खोलीत मी लॅपटॉप घेऊन बसले. हिराताई दारात. एकेक बाई आत यायची, मी तिची ओळ वाचायचे. बायका ऐकून हबकायच्या. "एवढं समदं लिहिलंय?" आपणच सांगितलेलं, पण एकापुढे एक असं कुणी वाचून दाखवलं की स्वतःलाच उघडं पडल्यासारखं वाटतं. बहुतेकींनी पुसायला सांगितलं. दोघी-तिघी म्हणाल्या, लेकराचं वजन ठेव, बाकी काढ. दुपार झाली तेव्हा सखू आली.

मी तिची ओळ उघडली आणि थांबले.

"वाच की," ती म्हणाली.

"सखू गावित. वय बावीस. गर्भवती..." ती पुढे सरकली. "होय. महिना दुसरा."

त्यानंतर कुणी त्यात काही बदललं नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली. वाचता येत होतं तिला. त्या शब्दावर तिनं बोट ठेवलं.

"त्याचं अजून कुठं काय लिहिलेलं हाय का? दवाखान्यात, कुठं?"

"नाही गं. दवाखान्यात फक्त पडल्याचं असेल. ते होतं असं इथंच."

"मग ऱ्हाऊ दे," सखू म्हणाली. "बाकी पूस. हे ऱ्हाऊ दे."

मी हिराताईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड बाहेर फिरवलं होतं. त्या म्हणाल्या, "पुढचीला बोलावते."

काम संपलं तेव्हा शेवटची जीप उभी होती. मी बसले आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारलं, "ताई, माझ्यावर रागावला आहात?"

"व्हय. लय." त्यांनी जीपचं दार लावलं. "माझ्यावरपन रागावले हाय."

जीप सुरू झाली. मी काचेतून मागे बघितलं, पण त्या निरोपाला थांबल्या नव्हत्या. पदर खोचून सखूच्या मागोमाग तिच्या घराकडे निघाल्या होत्या.