बॅलन्स्ड म्हणजे समतोल

माझ्या सासरी इंग्रजी कागद वाचायचं काम धाकट्या नणंदेचं होतं. ती फार्मसीला होती आणि डॉक्टरी शब्दांचा एक जाड कोश तिच्या उशाशी असायचा. काल्हेरच्या पलीकडे आमचं गाव. सासऱ्यांची भातशेती गोदामवाल्यांकडे भाड्याने गेली होती, भिवंडीतले थोडे लूम नवरा बघायचा. सासऱ्यांना साखरेचा त्रास होता. त्यांचा रिपोर्ट आला की जेवणं झाल्यावर नणंद तो सगळ्यांसमोर वाचायची आणि शब्द फोडून सांगायची. डायबेटिस म्हणजे मूळ ग्रीकमध्ये आरपार वाहून जाणं, म्हणून तुम्हाला सारखी लघवी, असं ती म्हणाली तेव्हा सासरे खूप हसले होते. मी नवीनच लग्न होऊन आले होते. मला तिचं कौतुक वाटलं.

पहिल्या वेळी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने पडद्याकडे बघत सांगितलं की पिशवी आहे, आत गर्भ नाही. फाईलवर लिहिलं, ब्लाइटेड ओव्हम. घरी आल्यावर मी आत जाऊन पडले. बाहेर नणंदेने कोश उघडला. ओव्हम म्हणजे अंडं, ती म्हणाली. ब्लाइट म्हणजे पिकावर पडतो तो रोग, भातावर करपा पडतो ना, तसा.

"म्हंजे अंडा करपलेला हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव करपा ठेवलं. सुरुवातीला हे घरातच चालायचं. करप्याला सांग चहा ठेव, करप्याने पाणी भरलं का. मग शेजारणींसमोर. मग आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या बिहारी लूमवाल्यांच्या बायकाही मला करपा भाभी म्हणायला लागल्या. त्यांना ते माझं खरंच लाडाचं नाव वाटायचं. त्यातली एक मला प्रेमाने हाक मारून कधी लिट्टी द्यायची, कधी लोणचं द्यायची, आणि मी ओ द्यायचे.

दुसऱ्या वेळी ठोके ऐकू आले होते. नंतर ते थांबले. क्युरेटिंग करून आणलं, पण काही भाग आत राहिला होता, ताप चढला, परत न्यावं लागलं. कागदावर होतं, रिटेन्ड प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन. मी आतल्या खोलीत गादीवर होते, दार उघडं होतं. नणंदेचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. रिटेन्ड म्हणजे ठेवून घेतलेला, ती म्हणाली. प्रॉडक्ट म्हणजे माल. माल आत अडकलाय, असं लिहिलंय.

नवऱ्याला हसू आलं. आमच्याकडे दिवसभर ट्रक लागतात, माल चढतो, माल उतरतो, माल अडकला म्हणून फोन येतात. त्याला ते सगळं आठवलं असणार. तो मुद्दाम हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. पण हसल्यावर तो आत आला नाही.

तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागला होता. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा घरात मी आणि सासूबाई होतो. त्या म्हणाल्या, हिला काय नवीन हाय. मीच रिक्षा थांबवली. त्या शेजारी बसल्या, पण रस्ताभर माझा हात त्यांनी धरला नाही. खड्डा आला की मी त्यांच्या खांद्यावर आदळायचे आणि त्या सरकून बसायच्या. दवाखान्यात पोचेपर्यंत माझे कपडे भिजले होते. मुलगी होती. सिस्टरने मला विचारलं, बघायचंय का. मी हो म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, नको, कशाला.

या वेळी फाईलवर दोन शब्द होते. वर, हॅबिच्युअल अबॉर्शन. खाली, इन्कॉम्पिटंट सर्विक्स. नणंद आता न विचारताच वाचायची. हॅबिट म्हणजे सवय. सर्विक्स म्हणजे लॅटिनमध्ये मान, पिशवीची मान. आणि इन्कॉम्पिटंट म्हणजे नालायक.

"डॉक्टरनी लिवलंय? असंच?" सासूबाईंनी विचारलं.

"असंच लिहिलंय, आई. मी मनाचं नाही सांगत."

ते खरं होतं. ती मनाचं कधीच सांगायची नाही.

त्यानंतर ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्हाला पाठवलं. त्या माझ्या मानेबद्दल जास्त बोलल्या नाहीत. त्यांनी दोघांचं रक्त तपासायला सांगितलं. नवरा कुरकुरला, माझं कशाला, पण दिलं. रिपोर्ट आल्यावर बाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि मराठीत समजावलं. माझ्या गुणसूत्रांत काही दोष नव्हता. त्याच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले होते.

"तुम्ही लूमचं काम करता ना?" त्या त्याला म्हणाल्या. "दोन धागे तुटले आणि सांधताना याचं टोक त्याला लागलं, त्याचं याला. सूत तेवढंच आहे, कमी नाही, जास्त नाही, म्हणून तुम्हाला स्वतःला काही त्रास नाही. याला बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन म्हणतात. पण मुलाकडे त्यातला एकच धागा गेला की कमीजास्त होतं आणि गर्भ टिकत नाही."

नवऱ्याला लगेच कळलं. धाग्याचं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तो मान खाली घालून बसला. बाईंनी पुढे सांगितलं की यात दोष कुणाचाच नाही, पुढचं बाळ नीटही होऊ शकतं, ते नशिबावर आहे, आणि तुमच्या सख्ख्या भावंडांनीही एकदा तपासून घ्यावं. परत येताना तो गाडी चालवत होता. मी त्याला एवढंच म्हटलं की घरी तुम्हीच सांगा. तो बरं म्हणाला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी विचारलं, काय बोलली डॉक्टरीण. नवऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"माझं बॅलन्स्ड आहे म्हणाल्या," तो म्हणाला.

सासूबाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेला तो शब्द काढायला कोश लागला नाही. "बॅलन्स्ड म्हणजे समतोल," ती म्हणाली. "म्हणजे दादाचं चांगलं आहे."

मी नवऱ्याची वाट बघितली. तो जेवत राहिला. त्याने वाटीतली आमटी भातावर ओतली, कालवली, घास घेतला. मग मीच बोलले. म्हटलं, ताई, त्याच्यापुढचा शब्दही सांगा, ट्रान्सलोकेशन. समतोल आहे म्हणून त्यांना काही होत नाही. मुलांना होतं. आणि भावंडांनीही तपासावं, असं बाई म्हणाल्यात.

नणंदेचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं, हे मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती इतकंच म्हणाली की तो शब्द मला माहीत नाही.

सासूबाई उठल्या आणि माझ्यापुढचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. अर्धा भात तसाच होता. "माझ्या पोरावर घालतेस?" त्या तिथूनच म्हणाल्या. "आणि आता पोरीवर?"

नवरा जेवून उठला, हात धुतले, आणि लूमवर जातो म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अंबाडीहून माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांचं नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. सासूबाईंनी जुनी फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली, तो शब्द नणंदेकडून शोधून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. "तुमची पोर नालायक हाय. हे आम्ही न्हाय म्हणत, डॉक्टर म्हणतो." वडील बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग फाईल दोन्ही हातांनी परत दिली आणि मला म्हणाले, बॅग भर.

अंबाडीला जाताना एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. आमचा थांबा जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "खरंच तसं लिहिलंय?"

मी म्हटलं, "हो. लिहिलंय तसंच."

त्यांनी मान हलवली आणि बॅग उचलली. मी त्यांना समजावून सांगू शकले असते की पिशवीचं तोंड वेळेआधी उघडतं, एवढाच त्याचा डॉक्टरी अर्थ. सांगितला नाही.

आता मी भिवंडीत एका दवाखान्यात डिस्चार्जचे कागद टाइप करते. कामाला लागले तेव्हा आम्हाला शब्दांचं ट्रेनिंग दिलं. शिकवणारे सर रंगून सांगायचे. मसल म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. प्युपिल म्हणजे छोटी बाहुली, आणि आपणही डोळ्याची बाहुलीच म्हणतो. मुली हसायच्या. मी अबॉर्शनबद्दल विचारलं. सर म्हणाले, मूळ लॅटिन, ओरिरी म्हणजे उगवणं, त्याच्याआधी अब लागला की उगवण्याच्या उलट. इन्कॉम्पिटंट म्हणजे जे नीट मिळून येत नाही ते, नालायक हा फार नंतर चिकटलेला अर्थ. आणि ब्लाइट कुठून आला ते नक्की कुणालाच माहीत नाही. मी ते ऐकून घेतलं. मला त्याने बरं वाटलं नाही. उशीर झाला होता.

हे शब्द मी अजून टाइप करते. बदलायची मुभा नसते. कुणाची सासू काउंटरवर येऊन अर्थ विचारते, तेव्हा मी सांगते की डॉक्टरांना विचारा.

घटस्फोट झाला आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं. तिला पहिल्याच वेळी मुलगा झाला, धडधाकट. असं होऊ शकतं हे बाईंनी सांगितलंच होतं. गावात मात्र त्या मुलाने सगळं सिद्ध केलं. सासूबाईंनी अंबाडीच्या बाजारातल्या एका ओळखीच्या बाईकडून आमच्या घरी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. माझ्या आईने तो कचऱ्यात टाकला. मी म्हटलं, अगं, मुंग्या होतील, आणि पेढे बाहेर नेऊन कुत्र्यांना घातले.

मागच्या उन्हाळ्यात नणंदेचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने विचारलं, ती रक्ताची तपासणी कुठे केली होती. मी लॅब सांगितली, उपाशीपोटी जावं लागत नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, घरी कुणाला कळू देऊ नका. मी म्हटलं, माझं तुमच्या घरी बोलणं आहे कुठे?

मग ती म्हणाली, "काही निघालं तर तिकडच्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "समतोल आहे म्हणून सांगा." आणि फोन ठेवला.

तिने तपासणी केली की नाही, मला माहीत नाही. लग्न झाल्याचं कळलं.