शार्दोनेची बाग, अनाबेशाहीची बाटली

अन्याय झाला तो शामराव जाधव या निवृत्त सुभेदारांवर. १९७६ च्या शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी, साताऱ्याजवळच्या आमच्या वाइन कारखान्याच्या गेटवर, सगळ्यांदेखत.

मी तिथं केमिस्ट होतो. सुभेदारांना शार्दोने या फ्रेंच द्राक्षाच्या लावणीच्या काड्या कारखान्यानंच दिलेल्या. जगभर खपणारी ड्राय व्हाइट वाइन याची होते. ड्राय म्हणजे गोडी न उरलेली. रस आंबताना साखरेचा अल्कोहोल होतो. म्हणून द्राक्षात मुळातच साखर भरपूर लागते. मणी मात्र बारका, बियांचा. खायला बाजारात कुणी घेत नाही. कारखान्यानं नाकारलं की बाग संपली.

आमचे मॅनेजर पूर्वी द्राक्षांचे दलाल. त्यांनी तासगावाकडून आलेल्या सुभेदारांच्या ट्रकमधली एक पेटी उघडली.

"सुभेदार, करवंदं आणलीत काय?"

"आवं सायेब, काड्या तुमीच दिल्या. जातच बारकी हाय."

"मुंबई मार्केटला बोटाएवढा मणी लागतो."

"मुंबईला खायाला धाडायचीत, का हितं पिळायचीत?"

हमाल फिस्सकन हसले. मॅनेजर भडकले. मी रसाचे दोन थेंब साखर मोजायच्या नळीवर, रिफ्रॅक्टोमीटरवर, टाकून पाहिले.

"सर, शुगर परफेक्ट आहे."

"तुम्ही लॅबमध्ये बसा! माल रिजेक्ट."

त्याच दुपारी बाजारातून परत आलेली अनाबेशाही आत घेतली. खायचं द्राक्ष, मणी टपोरे, रस पाणचट. साहेब खूश. उसाच्या मुलखात साखरेला काय तोटा? पोती ओतली, आंबवलं आणि बाटलीवर छापलं: शार्दोने, ड्राय.

"सर, यात शार्दोनेचा एक मणी तरी आहे का?"

"लेबल कुणी चाखतं का हो?"

मी राजीनामा दिला. सुभेदारांकडे गेलो तर बाग मुळासकट उपटून बांधावर टाकलेली.

"पलटणीत हुकूम मोडला की शिक्षा व्हायची," ते म्हणाले. "हितं पाळला म्हणून झाली, गड्या."

मणी बघून वाइनचं द्राक्ष निवडणाऱ्यानं फळांची गाडी लावावी, कारखाना चालवू नये. पण तो चालतोय, कारण बाटली खपतेय.

परमिटवाले वाचकहो, प्या, मी अडवत नाही. पण दुकानात ती बाटली हातात घेतलीत की विचारा: ही बाग कुणाची, कुठल्या गावची? उत्तर आलं नाही, तर बाटली तिथंच काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा.